आपलेपणाचा फॉर्म, पेन्सिलीने भरावा

सप्टेंबर आला की माझा चष्मा दिवसातून दहा वेळा निकामी होतो. ऑफिसच्या थंडगार दारातून बाहेर पाऊल टाकायचा अवकाश, दोन्ही काचांवर वाफ धरते आणि मी पार्किंगमध्ये चाचपडत उभी राहते. जून-जुलैमध्ये मस्कत भाजून काढतं, पण त्या भाजण्यात एक सरळपणा असतो. सप्टेंबरचं तसं नाही. उन्हाळा निघालो निघालो म्हणतो आणि दारातच घुटमळतो, वर समुद्रावरची ओली हवा सोडून देतो. ओढणी मानेला चिकटते, गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही, आणि नेमकं याच दिवसांत आमच्या विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू होतं. गेटवर फुगे लागतात, उन्हात फुटतात, दुसरे लागतात.

आणि ती मेल येते. यंदाही काल आली. विषयाच्या ओळीत ठळक अक्षरांत 'बिलाँगिंग', म्हणजे आपलेपणा. ती वाचून मी चष्मा काढला, पुसला, परत वाचली. ऑफिसच्या आत काचांवर वाफ धरत नाही, तरी पुसला.

मी विद्यार्थी-सहाय्य विभागात काम करते. विभाग म्हणजे मी, एक प्रिंटर आणि मागची एक छोटी खोली. खौदच्या मोठ्या राष्ट्रीय विद्यापीठापासून गाडीने दहा मिनिटांवर आमचं हे लहानसं खाजगी विद्यापीठ. मी मूळची वसईची, नाव सिसिलिया. तेवीस वर्षं अल् घुब्रामध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. नवरा आग्नेल एका हॉटेलात पाव भाजतो आणि घरी आल्यावर माझं डोकं किती तापलंय ते न विचारता ओळखतो. काल म्हणाला, "परत तो फॉर्म आला का गो?" मी नुसती मान हलवली. त्यानेच चहा टाकला.

त्या फॉर्मची कथा गेल्या सप्टेंबरची.

आमच्या विद्यापीठाचा अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाशी करार आहे. तिकडून अधूनमधून काहीबाही येत असतं. गेल्या वर्षी एक जाडजूड पुस्तिका आली. त्यांच्याकडे शिकणारी लॅटिनो मुलं, म्हणजे ज्यांचे आईबाप किंवा आजी-आजोबा मेक्सिको आणि त्याच्या खालच्या देशांतून आले, जी घरी स्पॅनिश बोलतात, ती विद्यापीठात आली की बुजतात, एकेकटी पडतात आणि मधेच शिक्षण सोडून जातात. त्यांना हे आपलं ठिकाण वाटावं म्हणून काय काय करावं, ते त्या पुस्तिकेत होतं. शेवटी बारा वाक्यांचा एक फॉर्म. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच गोल. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच.

त्या पुस्तिकेवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. मी ती घरी नेऊन अथपासून इतिपर्यंत वाचली. कुणीतरी जीव ओतून केलेलं काम होतं ते. तिकडे कुठल्यातरी शहरात माझ्यासारखीच एखादी बाई असेल, त्या मुलांशेजारी बसली असेल, त्यांच्या डब्यातलं खाल्लं असेल, तेव्हा कुठे हे प्रश्न निघाले असतील. पहिल्याच पानावर तिने लिहिलं होतं: पहिला महिनाभर मुलांना कुठलाही फॉर्म देऊ नका, त्यांच्याबरोबर जेवा. ते वाचून मला त्या न पाहिलेल्या बाईबद्दल इतकी माया वाटली की मी आग्नेलला मोठ्याने वाचून दाखवलं.

आमचे डीन, डॉ. सालिम, स्वभावाने खरंच सज्जन माणूस. टेबलावर कायम खजूर आणि कहव्याचा थर्मास. कुणी रडत आलं तर आधी खजूर पुढे करतील. पण कागद दिसला की त्यांचं भान हरपतं. "सिस्टर सिसिलिया," ते म्हणाले, "हे आपण इथे करू. तुमच्या इंडियन मुलांसाठी. लॅटिनो आहे तिथे इंडियन लिहा. यल्ला, दोन दिवसांत द्या."

"आणि हे महिनाभर जेवायचं?"

"ते वेळापत्रकात बसत नाही. शिवाय त्याचा रिझल्ट कसा मोजणार?"

पहिलं पान गेलं. पुस्तिकेत जे एकच पान जसंच्या तसं घेण्यासारखं होतं, तेवढंच नेमकं गेलं. बाकीच्यात मी कॉम्प्युटरवर शब्द बदलत बसले. लॅटिनोच्या जागी इंडियन आला. स्पॅनिशच्या जागी काय लिहायचं इथे अडले, कारण आमची मुलं घरी मराठी, मल्याळम, उर्दू, कोंकणी काय वाट्टेल ते बोलतात आणि आपसांत इंग्लिश. शेवटी 'घरची भाषा' लिहून मोकळी झाले. मक्याच्या एका पदार्थाचा फोटो होता, तो काढून समोशाचा लावला. समोसा! वसईच्या बाईने, कोकण-केरळच्या मुलांसाठी, मस्कतमध्ये. आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटते.

फॉर्म कागदावर भरायचा होता, तोही पेन्सिलीने, कारण परीक्षा विभागाचं मशीन पेन्सिलीचेच गोल वाचतं. मी चाळीस पेन्सिली तासून ठेवल्या. मागच्या खोलीत मुलं येऊन गोल काळे करून गेली. संध्याकाळी गठ्ठा चाळताना एका फॉर्मवर माझा हात थांबला. बाराच्या बारा वाक्यांपुढे पाच. गोल असे नीट, गच्च भरलेले की मागच्या बाजूने बोटाला लागत होते. वर नाव होतं, समीना परकार.

समीनाला मी पहिल्या वर्षापासून ओळखत होते. शेवटच्या वर्षाला आली होती ती तेव्हा. आईबाप रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावातले, पण तिचा जन्म इथला, शाळा घुब्राची, घर अझैब्याचं. पहिल्यांदा ती माझ्या खोलीत आली ती डबा गरम करायला. माझ्या डब्यात सुकटीची चटणी होती, तिच्या डब्यातही सुकटीची चटणी. "आंटी, तुमीपण?" म्हणत तिने तोंडावर हात ठेवला होता. तिचं मराठी अडखळत यायचं, मधेच इंग्लिशमध्ये घसरायचं, पण 'मला'ऐवजी ती 'मना' म्हणायची. आमच्या वसईच्या घरातही 'मना'च म्हणतात. मी इतक्या वर्षांत ऑफिसात तो शब्द तोंडातून काढला नव्हता. तिच्याशी बोलताना नकळत निघायला लागला.

ही मुलगी मस्कत कसं बोलायची! पाऊस पडला की कुठल्या रस्त्यावर वादीचं, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याचं, पाणी येतं आणि शाळेला सुट्टी मिळते, कुठल्या कॉफी शॉपसमोर गाडीचा हॉर्न वाजवला की पोरगा न विचारता चीज लावून वर चिप्स भुरभुरलेला पराठा आणून देतो, अझैब्याच्या किनाऱ्यावर होड्या कधी लागतात, मासे वाळत घातल्याचा वास कुठवर येतो. शेजारच्या ओमानी आजीबाईंकडून अरबी शिकलेली. वर्गात मर्यम नावाची जिवाभावाची मैत्रीण, मस्कतचीच. दोघी एका ताटातून भात खायच्या आणि भांडायच्याही इतक्या की मला मधे पडावं लागायचं. गावाबद्दल विचारलं तर म्हणायची, "गाव छान आहे आंटी, बट मच्छर खूप." रत्नागिरी तिला तेवढीच माहीत, सुट्टीपुरती.

म्हणून बारा पाच पाहून मला आश्चर्य वाटलं नाही. हसूच आलं. म्हटलं, चला, एक तरी मूल सुखी.

त्याच आठवड्यात तिचे वडील मला भेटायला आले. परकारभाई एका बांधकाम-सामानाच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. त्या जागेवर आता एक ओमानी तरुण येणार होता. त्यात कुणाची चूक म्हणायची? त्यांचा देश, त्यांची मुलं, त्यांनाही कामं हवीत. परकारभाईही तसंच म्हणाले. त्या तरुणाला पंधरा दिवस काम शिकवत होते ते, मनापासून. पण नोकरी गेली की इथल्या रहिवासाचं कार्ड जातं, आणि त्यांच्या कार्डाच्या आधाराने बायको आणि मुलगी. ऑक्टोबर संपायच्या आत तिघांनाही निघायचं होतं. समीनाचं शेवटचं वर्ष तर नुकतं सुरू झालेलं.

"मॅडम, आमचं काय नाय," ते खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले. "आमी जाव गावाला. पण पोरीचा येक वर्साचा प्रश्न हाय. तीन वर्सं फुकट जातील तिची."

मी धावपळ सुरू केली. विद्यापीठ स्वतःच्या जबाबदारीवर तिचा व्हिसा काढू शकत होतं, तशी सोय होती, पण ती बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी. समीना बाहेरून आलीच नव्हती. बाहेरून यायला आधी बाहेर असावं लागतं. या टेबलावरून त्या टेबलावर गेले, प्रत्येकाने "इन्शाल्ला" म्हटलं, आणि तेवीस वर्षांत मला कुठला इन्शाल्ला होकाराचा आणि कुठला नकाराचा ते कळायला लागलंय. शेवटी डॉ. सालिमनीच वाट काढली. फॉर्मच्या या नव्या आपलेपणाच्या कार्यक्रमात दोन जागा होत्या. ज्या मुलांना इथे परकं वाटतं, आधाराची गरज आहे, अशा दोघांना विद्यापीठ आपल्या पंखाखाली घेणार होतं. व्हिसा, वसतिगृह, सगळं.

मी समीनाचं नाव दिलं. त्यांनी मशीनमधून आलेला तक्ता उघडला, बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"सिस्टर, हिला तर काही गरजच नाही. माशाल्ला, सगळे पाच!"

"डॉक्टर, तिला देश सोडून जावं लागेल."

"पण तिचं बिलाँगिंग पूर्ण आहे. जिचं पूर्ण आहे तिला मी आधार कसा देऊ? समिती विचारेल." ते खरोखर हळहळले. माझ्यापुढे खजुराची बशी सरकवली.

म्हणजे बघा. जी मुलगी इथलीच आहे तिला इथे ठेवता येत नाही, कारण ती इथलीच आहे. ती इथली नसती तर ठेवता आली असती. मी पार्किंगमध्ये गेले, काचांवर वाफ धरली आणि मी ती पुसली नाही. तशीच उभी राहून मनातल्या मनात वसईच्या भाषेत जे काही येतं ते सगळं म्हणून घेतलं.

मग मी जे केलं ते मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं. समीनाला आणि परकारभाईंना बोलावलं. खोलीचं दार लावलं, कोरा फॉर्म टेबलावर ठेवला, पेन्सिल तासली.

"परत भर," मी म्हटलं. "यावेळी एक-एक मार."

समीनाला कळेना. "पण आंटी, मना तर इथे सगळं आपलंच वाटतं. एक कसा मारू? दॅट्स लाइंग."

"तुला इथे शिकायचंय ना? मग इथली नाहीस असं लिही."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं. आजही ते माझ्याच आवाजात ऐकू येतं, ऑफिसच्या त्या खास आवाजात, ज्यात मी मुलांना रांगेत उभं राहायला सांगते.

तिने बापाकडे पाहिलं. परकारभाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "लिही बाय. कागदाला काय कललंय? मी सव्वीस वर्सं परमनंट पत्त्यात गावच लिवलं. तिकडं रवलो किती, वर्सातला म्हयना. कोन इचारतो?"

समीनाने पेन्सिल घेतली. पहिले तीन एक भराभर मारले. मग थांबून अगदी कामाच्या सुरात म्हणाली, "सगळेच एक असले तर डाउट येईल ना आंटी?" मी म्हटलं, नाही येणार. ती पुढे गेली. 'येथील रस्ते, ठिकाणे मला ओळखीची वाटतात', एक. 'येथील लोक मला आपली समजतात', एक. सातव्या वाक्यावर मात्र पेन्सिल अडली. 'येथे माझी निदान एक जवळची मैत्रीण आहे.'

"मर्यमला कळलं तर?"

"नाही कळणार गं."

"नको. हा दोन राहू दे," ती म्हणाली, आणि तिने दोनचा गोल भरला. माझ्याकडे न बघता.

पहिला फॉर्म, पाचांचा, फाडायला हवा होता. मी तो खणात ठेवला.

डॉक्टरांना म्हटलं, पोरीने एक आणि पाच उलटे धरले होते, आणि तेवढं त्यांना पुरलं. जागा मिळाली. परकारभाईंनी माझ्या घरी खाऊच्या डब्यात सांदणं पाठवली. आग्नेलने एक तोंडात टाकून माझ्याकडे पाहिलं. "झालं ना काम? मग तोंड असं का?" मी म्हटलं, काही नाही, दमट आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी समीनाचे आईबाप गेले. हवा तेव्हा नुकती हलकी झाली होती, लोक संध्याकाळी किनाऱ्यावर बसायला लागले होते. समीना वसतिगृहात आली. तिच्या गळ्यात आता वेगळ्या रंगाचं ओळखपत्र, आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनीचं. आणि कार्यक्रम म्हटला की उपक्रम आले. संस्कृती दिनाला तिला इंडियाच्या टेबलामागे उभं राहायचं होतं. कुणीतरी नऊवारी आणली. परकारांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी नऊवारी नेसलं नसेल. ती नेसवली कुणी? मीच. पिना मीच लावल्या. मुंबईत माणसं भेटली की मला अजूनही विचारतात, "तुम्ही मराठी? नाव तर सिसिलिया!" आयुष्यभर त्या प्रश्नाला वैतागलेली मी, आणि त्या मुलीला खांदे धरून आरशासमोर फिरवत होते, छान दिसतेस म्हणत होते. आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, कुठची तू? ती म्हणाली, "अझैबा." पाहुणे हसले. विनोद वाटला त्यांना.

नोव्हेंबरात नव्या परदेशी मुलांसाठी मस्कत दर्शनची बस होती. हजेरी सक्तीची. मी सोबत गेले. हवा आता सुंदर होती, खिडकीतून ऊन लागत नव्हतं, मुलं फोटो काढत होती. समीना माझ्या शेजारी. गाईड मायक्रोफोनवर सांगत होता, हा मासळी बाजार, हा किल्ला, हा कॉर्निश, समुद्राकाठचा रस्ता. मग बस अझैब्यात शिरली, किनारा दाखवायला. समीना सरळ बसली. "आंटी, आमची बिल्डिंग येईल." आली. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कुणाच्या तरी लहान मुलांचे कपडे वाळत होते, पिवळे, छोटे छोटे. खाली तिचं ते पराठ्याचं कॉफी शॉप. गाईड म्हणाला, या भागात सहसा पर्यटक येत नाहीत. समीना बस पुढे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिली, आणि मग मला विचारलं, "किनाऱ्यावर उतरल्यावर मी फोटो काढला पाहिजे का?" उपक्रमाच्या कागदात दोन फोटो जोडायचे असं लिहिलेलं होतं. तिने काढले. एक होडीचा, एक वाळूचा. वाळूच्या फोटोत कुणीच नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मर्यमचं मला सोसवत नाही, कारण ते माझ्या डोक्यातून निघालं.

कार्यक्रमात प्रत्येकीला एक इथली सोबतीण द्यायची होती, आठवड्याला दोन तास बरोबर घालवायचे आणि दोघींनी सही करून कागद द्यायचा. मी शहाणीने मर्यमचं नाव दिलं. म्हटलं, या नाहीतरी दिवसभर एकत्रच असतात, कागद आपोआप भरतील, कुणाला त्रास नाही. इतकी वर्षं ऑफिसात काढून हीच खोड लागते माणसाला. जे आपसूक चाललंय तेही कागदावर बसवलं की बरं वाटतं. पहिले काही आठवडे दोघी हसत हसत माझ्या टेबलावर सह्या करायच्या. 'कशाबद्दल बोललात?' या रकान्यात मर्यमने एकदा 'मुलगे' लिहिलं आणि मी खोडून 'स्थानिक संस्कृती' केलं. मग सह्या वेगवेगळ्या यायला लागल्या. मर्यमला परीक्षा होत्या, घरी बहिणीचं लग्न होतं, तिचा काही दोष नाही. पोरगी वीस वर्षांची. फेब्रुवारीत एका दुपारी समीना डबा न उघडता माझ्या खोलीत बसली होती.

"काय झालं गं?"

"मर्यमला म्हटलं, चल बीचवर. ती म्हणाली, या वीकचे दोन तास झालेत ना आपले?" समीना डब्याच्या झाकणाशी चाळा करत होती. "ती वाईट नाय बोलली आंटी. अशीच बोलली. तिला वाटलं मना पण तेच हवंय."

मी सोबतिणीचे कागद बंद करायची मेल केली. उत्तर आलं, वर्ष पूर्ण झाल्याशिवाय बंद करता येत नाहीत. तेव्हा मी डॉ. सालिमच्या खोलीत जाऊन आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही फार मनाला लावून घेता." खरं आहे. घेते. कुणीतरी घ्यायला नको?

मे महिन्यात गरम वारे सुटले, परीक्षा झाल्या. समीना चांगल्या गुणांनी पास झाली. तिची तीन वर्षं फुकट गेली नाहीत, चारही कारणी लागली, हे मी रोज स्वतःला सांगते आणि ते खोटं नाही. पदवीदानाला आईबाप येऊ शकले नाहीत, मी आणि आग्नेल जाऊन बसलो. आग्नेलने स्वतः भाजलेला केक आणला होता. मर्यम आली, मिठी मारून रडली, दोघींनी फोटो काढले. समीनाने मला हळूच विचारलं, "याचा कागद नाय ना भरायचा?"

आणि मग शेवटचा फॉर्म. तीच बारा वाक्यं, तेच गोल, माझी तीच तासलेली पेन्सिल. कार्यक्रमाने काय फरक पडला ते बघायचं होतं. मी तिला म्हटलं, "तुला हवं ते लिही, आता कुठे काही अडत नाही." ती खोलीत एकटीच बसली. बाहेर आली, कागद माझ्या हातात दिला. "आंटी, यावेळी खरं लिहिलंय."

सगळीकडे दोन. सातव्या वाक्यावर, मैत्रिणीच्या, एक.

मी तो कागद मशीनला दिला, दुसरं काय करणार? चार दिवसांनी डॉ. सालिमनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. "सिस्टर, बघा! एकवरून दोनवर. जवळजवळ दुप्पट! मैत्रीच्या प्रश्नात किंचित घट आहे, पण एकूण बघा." त्यांनी कहवा ओतला, माझ्यासाठी आधी. अमेरिकेला कळवणार होते ते. मी कहवा प्यायले. खणातला पाचांचा कागद आणून त्यांच्यापुढे टाकावा असं मनात आलं, पण टाकला असता तर समीनाचं वर्ष, तिची पदवी, सगळंच संशयात गेलं असतं. तेव्हा मी खजूर खाल्ला, बी बशीत ठेवली आणि थँक यू डॉक्टर म्हणाले.

कालच्या मेलमध्ये तेच आहे. गेल्या वर्षीच्या उत्तम यशामुळे यंदा जागा दोनाच्या सहा केल्या आहेत. ज्यांचे आकडे कमी असतील अशी मुलं शोधा, सिस्टर. आज सकाळी मी पेन्सिली तासल्या. आणि परवा डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभी राहणार आहे, त्या अमेरिकेतल्या बाईचं पहिलं पान हातात घेऊन. महिनाभर फॉर्म नाही, आधी जेवण. नाही ऐकलं तर मी माझा डबा घेऊन मागच्या खोलीत बसेन, दार उघडं ठेवून, आणि फॉर्म कुठे ठेवले ते मला आठवणार नाही. वय झालंय माझं.

शिक्षण संपलं तसा व्हिसाही संपला, समीना आता गावाला आहे. तालुक्याच्या एका ऑफिसात काम करते. तिथेही कुणी विचारतं म्हणे, तू मूळची कुठची? काय सांगतेस, असं मी एकदा विचारलं होतं. तिने मासळीचा फोटो पाठवला.

आज दुपारी घरी निघताना मी ऑफिसच्या दारातून बाहेर पडले, काचांवर वाफ धरली आणि पर्समध्ये फोन वाजला. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाजवळ धरून वाचलं. समीनाचा मेसेज.

"आंटी, तिकडे दमट सुरू झालं ना? तुमच्या चष्म्यावर येतं ना अजून?"

बाकी काही नाही. ना कशी आहात, ना मी कशी आहे. गेटवरचे फुगे फुटत होते, मागे गाडीवाला हॉर्न देत होता, आणि मी तिथेच उभी राहून एका बोटाने टाइप केलं, "येतं गं. आत्ता आलंय."

लगेच उत्तर आलं. "नका पुसू. थोडा वेळ राहू द्या."